हाताला उमगलेले विज्ञान

भिलाई म्हटले की प्रथम पोलाद आठवते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि चारच वर्षांनी, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी, तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. दल्ली-राजहराच्या डोंगरांतला तांबडा दगड, कोक आणि चुनखडी भट्टीत पडतात आणि तिच्या तळातून वितळलेले लोखंड वाहू लागते. त्या लोखंडाचे पोलाद होते, पोलादाचे रूळ होतात आणि त्या रुळांवरून देशभर गाड्या धावतात. कारखान्याच्या निमित्ताने देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे येथे आली. त्यांत मराठी कुटुंबेही आली, रुजली आणि येथलीच झाली.

अशा नगरीत वाढणाऱ्या मुलाला विज्ञान वेगळे शिकवावे लागत नाही, ते हवेतच असते, असे कोणालाही वाटेल. परंतु एक वर्ग असा आहे की ज्याच्या वाट्याला विज्ञानाचा तास क्वचितच येतो. तो वर्ग म्हणजे बौद्धिक दिव्यांग मुलांचा. ही स्थिती एका गावाची नाही. देशातील बहुतेक विशेष शाळांच्या वेळापत्रकात स्वतःची निगा, भाषा, अंकओळख आणि पुढे एखादे हस्तकौशल्य यांना स्थान असते, आणि ते योग्यच आहे. विज्ञान मात्र ‘यांना काय कळणार’ या एका वाक्यात बाजूला पडते.

हे वाक्य तपासून पाहण्याजोगे आहे. वाफेने हात भाजतो, ओल्या हाताने विजेचे बटण लावू नये, उघडे राहिलेले अन्न नासते, जेवणापूर्वी हात धुवावेत, या सर्व गोष्टी विज्ञानाच्याच आहेत. आई-वडील जोवर पाठीशी आहेत तोवर ‘हात लावू नकोस’ एवढे सांगून भागते. ते नसतील त्या दिवशी मुलाच्या उपयोगी पडेल ते त्याला स्वतःला उमगलेलेच.

शब्द बदलले, गरज तीच

पूर्वी या मुलांसाठी ‘मतिमंद’ हा शब्द सर्रास वापरला जाई. १९९५ च्या अपंगत्वविषयक कायद्यातही त्याच अर्थाची संज्ञा होती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ‘बौद्धिक दिव्यांगता’ ही संज्ञा आली आणि मान्य दिव्यांगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क याच कायद्याने दिला. २०११ च्या जनगणनेत अशा व्यक्तींची संख्या सुमारे १५ लाख नोंदवली गेली.

बौद्धिक दिव्यांगता हा आजार नव्हे. विचार करणे, शिकणे आणि दैनंदिन व्यवहार सांभाळणे या क्षमतांवर बालवयापासून असलेली ही मर्यादा आहे. तिच्या पायऱ्या सौम्य ते अतितीव्र अशा असतात आणि बहुसंख्य मुले सौम्य गटात मोडतात. अमूर्त कल्पना पकडणे, एकाच वेळी अनेक सूचना ध्यानात ठेवणे आणि एके ठिकाणी शिकलेले दुसरीकडे लागू करणे या मुलांना जड जाते. परंतु डोळ्यांसमोर घडलेली, हाताने केलेली आणि पुनःपुन्हा केलेली गोष्ट त्यांच्यात मुरते. म्हणूनच त्यांच्या शिक्षणात साधनाचे महत्त्व फार मोठे आहे.

साधनांचे मूळ घर

आजच्या कोणत्याही चांगल्या बालवाडीत लाकडी ठोकळे, खाचेत बसणारे आकार, स्पर्शाने ओळखायचे कागद दिसतात. ही साधने सर्वसामान्य मुलांसाठी तयार झाली आणि नंतर विशेष मुलांपर्यंत पोहोचली, असा अनेकांचा समज असतो. इतिहास याच्या उलट आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये झाँ इतार या वैद्याने रानात सापडलेल्या, बोलता न येणाऱ्या एका मुलाला शिकवण्याचा प्रयत्न केला. त्यांचे शिष्य एदुआर सेगॅं यांनी तोच धागा पुढे नेला. त्यांनी बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी शाळा चालवली. स्नायू आणि इंद्रिये यांच्या शिक्षणातून बुद्धीकडे जाण्याची पद्धत बसवली. लाकडी फळीतील खाचांत त्या त्या आकाराचा तुकडा बसवायचा, ही ‘सेगॅं फळी’ आजही भारतातील अनेक बालमार्गदर्शन केंद्रांत मुलांच्या आकलनाची चाचणी घेण्यासाठी वापरली जाते.

१९०० च्या सुमारास रोममध्ये डॉ. मारिया माँटेसरी यांनी अशाच मुलांसोबत काम केले. सेगॅं यांचे लेखन त्यांनी स्वतःच्या हाताने इटालियन भाषेत उतरवून काढले आणि त्यावरून साधने घडवली. त्यांच्याकडील काही मुले वाचू-लिहू लागली आणि सर्वसामान्य मुलांच्या परीक्षेत उतरली. लोकांनी आश्चर्य केले. माँटेसरींना मात्र वेगळाच प्रश्न पडला. ही मुले एवढी मजल मारतात, तर सर्वसाधारण शाळांतील मुले मागे का राहतात? या प्रश्नातूनच ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले ‘बालगृह’ सुरू झाले. जगभरच्या बालशिक्षणाने जी साधने आपली मानली, त्यांचे मूळ घर अशा रीतीने विशेष मुलांचा वर्ग हे आहे. या मुलांच्या हाती विज्ञानाची साधने देणे हा उपकार नव्हे. त्यांचेच धन त्यांना परत करणे आहे.

माँटेसरींच्या साधनांतील दोन गुण आजही मार्गदर्शक आहेत. पहिला, एका साधनात एकच गुणधर्म बदलतो. त्यांच्या गुलाबी मनोऱ्यातील दहाही ठोकळ्यांचा रंग आणि आकार एकच. बदलते ते केवळ मोजमाप, एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत. दुसरा, चूक साधनच दाखवते. दट्ट्या चुकीच्या खळग्यात बसत नाही. शिक्षकाने रागावण्याचे कारणच उरत नाही. वारंवार अपयशाची सवय झालेल्या मुलासाठी हा दुसरा गुण फार मोलाचा आहे.

बोर्डीचे शंख, होशंगाबादच्या काड्या

माँटेसरींची मूळ साधने महाग होती. ही अडचण महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी ओळखली. १९४५ मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या आदिवासी भागात गेले. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी ते पुढे अनेक वर्षे सांभाळले. शंख-शिंपले, बिया, पाने, खडे यांतून त्यांनी मोजणे, लावणे, निवडणे या सर्व क्रिया साधल्या. साधन दुकानातून यावे लागत नाही, ते अंगणात असते, हा या कार्याचा मोठा धडा.

विज्ञानाच्या बाबतीत हाच धडा मध्य प्रदेशाने दिला. भिलाई ज्या काळी त्या राज्याचाच भाग होती, त्या काळी, १९७२ मध्ये, होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा शाळांत एक विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. पाठांतराऐवजी प्रयोग आणि महागड्या उपकरणांऐवजी साधे साहित्य ही त्याची दिशा होती. २००२ मध्ये शासनाने तो बंद केला, परंतु त्यातून तयार झालेली माणसे आणि साधने टिकली. आयआयटी कानपूरचे अभियंते अरविंद गुप्ता १९७८ मध्ये नोकरीतून रजा घेऊन या कार्यक्रमात दाखल झाले. सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे आणि काडेपेटीतील काड्या जोडून त्रिकोण, चौकोन आणि घरे बनवण्याची त्यांची युक्ती तेथेच जन्मली. पुढे पुण्यातील आयुका संस्थेच्या ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ या बालविज्ञान केंद्रात त्यांनी टाकाऊतून खेळणी हा विचार घरोघरी पोहोचवला. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री लाभली.

विशेष मुलांच्या शिक्षणाची परंपराही आपल्याकडे जुनी आहे. मुंबईची जय वकील शाळा १९४४ पासून हे कार्य करीत आहे. सिकंदराबाद येथे १९८४ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था शिक्षकांना प्रशिक्षण देते. आता गरज आहे ती या दोन परंपरांची, म्हणजे प्रयोगाची आणि विशेष शिक्षणाची, गाठ घालण्याची.

लोखंडाचा धडा

ही गाठ भिलाईसारख्या गावी सहज बसू शकते, कारण तेथे धड्याचा विषयच दारात उभा आहे. एका लोखंडावरून चार प्रयोग मांडता येतात.

पहिला चुंबकाचा. ताटात खिळा, चमचा, खोडरबर, लाकडी काडी, किल्ली आणि नाणी ठेवावीत. मुलाने मोठा चुंबक एकेका वस्तूला लावावा. चिकटेल ते लाल डब्यात, न चिकटेल ते पांढऱ्या डब्यात. काही नाणी चिकटतात, काही चिकटत नाहीत, याचे मोठ्यांनाही नवल वाटते. नंतर तांबड्या लोहखनिजाचा तुकडा द्यावा. हेमाटाइट जातीचा हा दगड साध्या चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. त्याच दगडातून निघालेल्या लोखंडाचा खिळा मात्र टपकन चिकटतो. भट्टीत दगडाचे काहीतरी वेगळेच झाले, ही गोष्ट शब्दांशिवाय हाताला कळते.

दुसरा पाण्याचा. बादलीत खिळा सोडला की बुडतो. स्टीलची वाटी अलगद ठेवली की तरंगते. वाटीत पाणी भरले की तीही बुडते. प्रत्येक वेळी वस्तू सोडण्यापूर्वी ‘बुडेल की तरंगेल’ हे मुलाने चित्राच्या पट्टीवर बोट ठेवून सांगावे. बोलता न येणारे मूलही अशा रीतीने अंदाज बांधते, आणि अंदाज बांधून तो पडताळणे हा विज्ञानाचा गाभा आहे.

तिसरा उष्णतेचा. डब्याचे घट्ट बसलेले पत्र्याचे झाकण काही क्षण गरम पाण्यात धरले की सैल होते. तापले की धातू फुगतो, म्हणून रुळांच्या जोडणीतही उन्हाळ्याचा विचार करावा लागतो, हे रूळ घडवणाऱ्या गावातील मुलाला सांगणे किती औचित्याचे!

चौथा आकाराचा. काड्यांचा चौकोन दाबला की कलंडतो. त्रिकोण दाबला तरी जागचा हलत नाही. काडेपेटीची काडी ज्यांच्या बोटांत ठरत नाही अशांसाठी बांबूच्या जाड काड्या आणि रुंद रबरी नळी घ्यावी. नंतर मुलांना एखादा पूल किंवा शेडचे छत दाखवून त्यात त्रिकोण शोधायला लावावे. सापडलेला प्रत्येक त्रिकोण हे त्या धड्याचे उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र असते.

स्वयंपाकघराची प्रयोगशाळा

पालकांना याहून जवळची प्रयोगशाळा म्हणजे स्वयंपाकघर. हात का धुवावेत हे सांगूनही पटत नाही. कारण जंतू दिसत नाहीत. मुलाच्या तळहाताला चिमूटभर हळद लावून त्याला पेला, दार आणि दुसऱ्याचा हात धरू द्यावा. पिवळे डाग सर्वत्र उमटतात. जे हळदीचे झाले तेच न दिसणाऱ्या मळाचे होते, हे तेथे दिसते. मग साबण लावला की हळद लालसर होते. हळदीचा डाग साबणाने लाल होतो हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. मुलासाठी ती जादू असते, आणि त्या जादूच्या ओढीने हात पूर्ण धुतले जातात.

ओल्या कापडात बांधलेल्या मटकीला एक-दोन दिवसांत मोड येतात. कोरडी मटकी शेजारीच ठेवावी. तिला मोड येत नाहीत. बी, पाणी, मोड, रोप अशी चार चित्रे मुलाने क्रमाने लावावीत. एक ओला रुमाल उन्हात आणि एक सावलीत वाळत घालावा. कोणता आधी वाळला ते हात लावून पाहावे. भांड्यावरील थंड झाकण उचलून त्याखालचे पाण्याचे थेंब दाखवावेत. वाफ मात्र मोठ्यांनी दुरूनच दाखवावी.

साधन देताना घ्यावयाची काळजी

एका वेळी एकच गोष्ट शिकवावी. क्रिया लहान पायऱ्यांत तोडावी, प्रथम हात धरून, नंतर खुणेने, शेवटी न सांगता करू द्यावी. आधी खरी वस्तू, मग तिचे चित्र आणि सर्वांत शेवटी शब्द, हा क्रम मोडू नये.

सुरक्षितता विसरू नये. लहान गोळीएवढे चुंबक कधीही देऊ नयेत. एकाहून अधिक चुंबक गिळले गेल्यास ते आतड्यात एकमेकांना ओढतात आणि गंभीर इजा होते. फुटक्या फुग्याचे तुकडेही घशात अडकू शकतात. विजेच्या धड्यात विशेष सावधगिरी हवी. दीड व्होल्टच्या सेलने दिवा लावणे निर्धोक आहे. परंतु एके ठिकाणचे दुसरीकडे ताडून पाहणे ज्या मुलाला जड जाते, ते भिंतीवरील प्लगही तसाच निर्धोक समजू शकते. म्हणून ‘हा सेल हाताळायचा, तो प्लग नाही’ हा भेद लाल-हिरव्या खुणांनी त्याच धड्यात आणि नंतर घराच्या प्रत्येक खोलीत शिकवावा. शाळेत शिकलेले घरी आणि घरी शिकलेले बाजारात करून पाहिल्याखेरीज धडा पूर्ण झाला असे मानू नये.

स्वावलंबनाची पुढची पायरी

बौद्धिक दिव्यांग मुलांच्या पालकांना सतावणारा प्रश्न एकच असतो: आमच्या पश्चात काय? त्याचा एक भाग कायद्याने हलका केला आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीमार्फत कायदेशीर पालकाची नेमणूक होऊ शकते. या समितीने दिलेल्या प्रमाणपत्राच्या आधारे बँक खाते उघडता व चालवता यावे, अशी सूचना भारतीय रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच बँकांना दिली आहे. याच न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते. मूल अठरा वर्षांचे होण्याच्या सुमारास पालकांनी या बाबींची चौकशी आपल्या शाखेत आणि जिल्हाधिकारी कार्यालयात अवश्य करावी.

प्रश्नाचा दुसरा भाग कायद्याच्या कक्षेत येत नाही. प्रमाणपत्र पालक नेमून देते, समज देत नाही. ती लहानपणापासून हातांतून यावी लागते. चुंबकाने नाणी वेगळी करणारे मूल पुढे त्यांचा आकार ओळखू लागते. २०१९ मध्ये आलेले वीस रुपयांचे बाराकोनी नाणे तर बोट फिरवताच ओळखू येते. नाणे ओळखणारे मूल वाण्याच्या दुकानातून साबण आणते. त्यांतील एखादा तरुण उद्या बँकेच्या खिडकीशी उभा राहील आणि आपले पैसे सावकाश, एकेक नाणे बोटाने सरकवत मोजील. मागे रांग असेल. त्या वेळी रोखपालाने दिलेली दोन अधिक मिनिटे हाही त्याच्या शिक्षणाचाच भाग ठरेल.